मायन सिक्लिडला शेजारी शोधताना

माझ्याकडचा मायन सिक्लिड, म्हणजे सिक्लिड नावाच्या मत्स्यकुळातला एक मासा, वीतभर लांब झाला तेव्हा आठ फुटी टाकीत तो एकटाच होता. एवढी जागा एकट्याला मिळाली म्हणजे मासा मजेत असेल, असं बघणाऱ्याला वाटायचं. मला त्याच्या वागण्यात वेगळंच दिसत होतं. दिवसाचा बराच वेळ तो मागच्या कपारीत अंग चोरून असे, आणि बाहेर आला की बाजूच्या काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर कल्ले फुगवून धावून जाई. आजूबाजूला इतर मासे निवांत पोहताना दिसले की सिक्लिडला धोका नसल्याची खूण पटते. ती खूण देणारं कोणी नसलं की भलामोठा, दांडगा मासाही बुजतो. त्याला सोबत हवी होती. पण ज्याच्या तोंडात बोटाएवढा मासा सहज मावतो आणि जो टाकीचा तळ आपल्या मालकीचा समजतो, त्याच्या शेजारी कोणाला सोडायचं, हे ठरवायला मला बरेच महिने लागले. ते कसं ठरवलं, हे इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी या माशाविषयी थोडं. मायन सिक्लिडचं शास्त्रीय नाव मायाहेरोस युरोफ्थाल्मस. अंगावर उभे गडद पट्टे, वयात आल्यावर गळ्याखाली चढणारी लाली आणि शेपटीच्या बुडाशी फिकट निळ्या कडेचा काळा ठिपका. तो ठिपका दुरून डोळाच वाटतो. दक्षिण मेक्सिकोपासून निकाराग्वापर्यंत, अटलांटिकच्या बाजूला उतरणाऱ्या नद्या, खारफुटीची जंगलं आणि किनाऱ्यालगतची खाजणं हे त्याचं मूळ घर. गोड्या पाण्यापासून समुद्राइतक्या खारट पाण्यापर्यंत तो कुठेही तग धरतो. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये १९८३ मध्ये त्याची पहिली नोंद झाली. आता तो तिथे परका असूनही मूळ धरून बसला आहे. त्याच्या पसरण्यामागे ही सहनशक्ती आहेच, शिवाय पिल्लांची राखण नर आणि मादी दोघंही करतात आणि ती राखण फार कडवी असते.

म्हणूनच जोडी ठेवायची नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. अंडी घातलेली मायन जोडी टाकीचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा करून घेते, आणि मग उरलेल्या माशांना वरचा एक कोपरा तेवढा उरतो. काचेच्या टाकीत पळून जायला नदी नसते. एकटा मायन चिडका असतो, तरी त्याच्याशी जमवून घेता येतं. अंड्यांवर बसलेल्या जोडीशी जमवून घेता येत नाही.

टाकीचं पाणी निमखारं करायचं मी ठरवलं होतं, म्हणून सोबती शोधताना पहिला प्रश्न मिठाचा घेतला. मोठ्या सिक्लिडसाठी गोड्या पाण्यात चालणारी नेहमीची नावं, म्हणजे प्लेको, सिल्व्हर डॉलर, मोठे बार्ब, ही निमखाऱ्या पाण्यात बहुतेक सगळी बाद होतात. आणि निमखारं म्हणजे तरी नेमकं किती खारं? समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०२५ च्या आसपास असतं आणि त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १.००५ ला साधारण ७ ग्रॅम, १.०१० ला साधारण १३ ग्रॅम. या सगळ्या पट्ट्याला आपण निमखारंच म्हणतो, पण त्यात राहणारे मासे एकच नाहीत. काही लहान गोबी १.००५ च्या आसपास खूश असतात. मोनो नावाचे चंदेरी मासे लहानपणी निमखाऱ्यात रमतात, पण मोठे झाले की त्यांना जवळजवळ समुद्राचंच पाणी लागतं. नुसतं 'निमखाऱ्यात चालतो' एवढं वाचून मासा आणला, तर दोन माशांपैकी एकाला आयुष्यभर चुकीच्या पाण्यात काढावं लागतं. चुकीच्या पाण्यातला मासा अशक्त असतो, आणि भांडखोर सिक्लिड अशक्त मासा लगेच हेरतो. म्हणजे मिठाचा प्रश्न शेवटी भांडणाचाच प्रश्न होतो.

मी १.०१० हा आकडा पक्का केला. मायनला तो सहज पेलतो. शेवटी मी निवडलेल्या स्कॅट आणि आर्चरफिश या दोन्ही माशांना तो मानवतो आणि पुढे वाढवायलाही वाव राहतो. माझी टाकी आठ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे. वरची १५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवून आणि खडकांची जागा वजा करून पाणी जेमतेम १००० लिटर भरतं. म्हणजे १३-१४ किलो मीठ, आणि तेही समुद्री माशांच्या टाक्यांसाठी मिळणारं तयार मिश्रण. स्वयंपाकाचं मीठ इथे कामाचं नाही, कारण त्यात जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. समुद्री मिश्रणातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट येतात, पाण्याचा सामू ८ च्या आसपास टिकून राहतो, आणि या माशांना तसंच जड पाणी हवं असतं.

मीठ मी आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त वाढवलं नाही. मायनला याहून जलद चाललं असतं, पण फिल्टरमधल्या जिवाणूंना नाही. गोड्या पाण्यात वाढलेले नायट्रीकरण करणारे जिवाणू एकदम खारट पाण्यात गेले की त्यांचं काम मंदावतं आणि अमोनिया साचायला लागतो. त्यात सामू ८ असला तर विषारी, मोकळ्या अमोनियाचं प्रमाण सामू ७ च्या मानाने सुमारे दहापट होतं. नायट्राइटच्या बाबतीत मात्र मिठाची मदत होते, कारण पाण्यातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. म्हणून त्या काळात माझं सगळं लक्ष अमोनियाच्या चाचणीवर होतं. खारटपणा मी रिफ्रॅक्टोमीटरने मोजते. काट्याच्या हायड्रोमीटरवर हवेचे बुडबुडे चिकटतात आणि आकडा फसवा येतो. आणखी एक: टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की मीठ मागेच राहतं, तेव्हा रोजची घट साध्या पाण्यानेच भरायची. मिठाचं पाणी फक्त आठवड्याच्या पाणीबदलात वापरायचं.

दुसरा प्रश्न, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा: हा मासा भांडतो कशासाठी? किती भांडतो, याची चर्चा सगळे करतात. कशासाठी, हे पाहायला मी रोज संध्याकाळी टाकीसमोर वही घेऊन बसायचे. मायनची हद्द होती तळावर, एका मोठ्या सपाट खडकाभोवती. तळापासून फूटभर उंचीपर्यंत काहीही हललं की तो यायचा. माझा हात, पाइप, खाली पडलेलं पान, काहीही. पण पाण्याच्या वरच्या थरात तरंगणाऱ्या खाद्याच्या कांडीकडे तो भूक असेल तरच जायचा, आणि खाऊन लगेच खाली परतायचा. तीन गोष्टी मला स्पष्ट झाल्या. त्याला तळ आणि कपार हवी असते. त्याला त्याच्यासारख्या आकाराचा, त्याच्यासारखा वागणारा मासा खपत नाही. आणि जे तोंडात मावतं ते त्याच्या लेखी खाद्य असतं.

या तीन गोष्टी समोर ठेवल्यावर यादी भराभर आखूड झाली. मोली कोणत्याही खारटपणाला जगतात, पण मायनपुढे त्या फार दिवस टिकत नाहीत. बंबलबी गोबी आणि नाइट गोबी तळावरचे, शिवाय लहान. व्हायोलेट गोबी लांबलचक आणि दिसायला भयंकर असला तरी स्वभावाने अगदी गरीब आहे. त्याची नजर अधू असते, वाळू चाळत तो सावकाश खातो. त्याला सिक्लिडबरोबर ठेवणं मला क्रूर वाटतं. हिरव्या ठिपक्यांचा पफर मायनला घाबरणार नाही, पण तो परांचे लचके तोडतो, आणि मायनचे लांब, टोकदार पर त्याच्या समोर सारखे फडकत राहिले असते. कोलंबियन शार्क या नावाने विकला जाणारा मासा खरं तर मार्जारमीन आहे. तो ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, घोळक्याने राहतो, रात्रंदिवस फेऱ्या मारतो, आणि मोठेपणी त्यालाही समुद्राकडे झुकणारं पाणी लागतं. तब्येतीने तो मायनला पुरून उरेल. पण असे तीन-चार मासे माझ्या टाकीच्या आणि फिल्टरच्या आवाक्याबाहेरचे होते. मोनो मी खारटपणामुळे बाजूला ठेवले. शिवाय ते स्वभावाने घाबरट असतात, आणि बुजलेल्या मायनला धीर द्यायला घाबरट घोळका उपयोगाचा नव्हता.

यादीत सगळ्यात जास्त जीव गुंतला होता तो क्रोमाइडमध्ये. हिरवा क्रोमाइड, एट्रोप्लस सुरातेन्सिस, म्हणजे कोकण-गोव्यातला कालुंदर, हाही सिक्लिडच आहे आणि निमखारं पाणी हे त्याचं हक्काचं घर. त्याचा लहान भाऊ, नारिंगी क्रोमाइड, आणि तो यांचं नातं मला फार विलक्षण वाटतं. नारिंगी क्रोमाइड हिरव्याच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, आणि संधी मिळाली तर त्याच हिरव्याची अंडी आणि पिल्लंही खातो. वाइमन आणि वॉर्ड या दोघा संशोधकांनी १९७२ मध्ये ही साफसफाई शास्त्रीय निबंधात मांडली. शिवाय क्रोमाइडची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात, डिस्कस या दुसऱ्या एका सिक्लिडच्या पिल्लांसारखीच. असा मासा घरात असावा असं कोणाला वाटणार नाही?

माझ्या दुसऱ्या टाकीत तळहाताएवढे हिरवे क्रोमाइड होतेच. मायनपेक्षा ते शांत, घोळक्याने राहणारे आणि पालापाचोळा खाणारे. कागदावर जोडी जमण्यासारखी होती, म्हणून पारखून पाहायचं ठरवलं. टाकीच्या मधोमध प्लास्टिकच्या जाळीचा पडदा लावला आणि क्रोमाइड पलीकडच्या बाजूला सोडले. पाणी एकच, नजर एकमेकांवर, पण स्पर्श नाही. भांडखोर माशाचा अंदाज घ्यायला माझ्या मते याहून चांगला मार्ग नाही, आणि कोणाच्या अंगाला ओरखडाही उठत नाही.

मायन पडद्यापासून हटेना. खाद्य टाकलं तरी दोन कांड्या घेऊन परत जाळीशी. कूस दाखवत, पर ताणून, शेपटीने पाण्याचे फटके मारत तो सतत आव्हान देत होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पलीकडून त्याला उत्तर मिळत होतं. क्रोमाइडपैकी सगळ्यात मोठा मासा पुढे येऊन तशीच कूस दाखवायचा. बाकीचे रंग उतरवून मागच्या कोपऱ्यात गोळा व्हायचे. दोन्ही सिक्लिड, दोघांचे इशारे सारखे, दोघांनाही ते नीट कळत होते. आव्हानाला उत्तर मिळालं की सिक्लिडचं भांडण पायरी-पायरीने चढतं: कूस दाखवणं, शेपटीचे फटके, मग तोंडात तोंड अडकवून ओढाताण, आणि मग लचके. मधली जाळी नसती तर हे शेवटच्या पायरीपर्यंत गेलं असतं. काही आठवडे वाट पाहूनही जोर ओसरला नाही, तेव्हा क्रोमाइड त्यांच्या टाकीत परत गेले. ते तिथे आजही छान आहेत.

या पारखीतून माझी निवड खरं तर झालीच. मला असा मासा हवा होता ज्याला सिक्लिडचे इशारे कळत नाहीत, आणि कळले तरी ज्याला त्यांचं काही वाटत नाही.

स्कॅट, म्हणजे स्कॅटोफॅगस आर्गस, अगदी तसा आहे. थाळीसारखं उंच, चपटं अंग, त्यावर काळे ठिपके, आणि पाठीवर कडक काट्यांची रांग. हिंद आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर खाड्यांमध्ये आणि बंदरांमध्ये तो घोळक्याने फिरतो. तळ राखत नाही, कपार मागत नाही, आणि घरच्या टाकीत अंडीही घालत नाही. त्याचं सगळं चित्त खाण्यात. उंच अंगामुळे आणि काट्यांमुळे तो मायनच्या तोंडात मावत नाही. मोठा झाला की ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे वजनात मायनच्या तोडीस तोड.

मी पाच स्कॅट घेतले. एक किंवा दोन घेण्यात अर्थ नव्हता. दोनच असले तर दांडगा स्कॅट दुबळ्याच्या मागे लागतो, आणि मायनलाही एकच लक्ष्य सापडतं. पाचांत राग वाटला जातो, कोणा एकावर साचत नाही. दुकानात हे मासे बहुधा रुपयाच्या नाण्याएवढे असतात आणि गोड्या पाण्यात ठेवलेले असतात. तसेच आणून टाकीत सोडले असते तर मायनने ते गिळलेच असते. म्हणून त्यांची वेगळी टाकी लावली. तिथे आधी नजरकैद, मग हळूहळू मीठ, आणि भरपूर पाला. पालक, उकडलेले वाटाणे, समुद्री शेवाळाच्या पट्ट्या, स्पिरुलिनाचं खाद्य. स्कॅट नुसत्या मांसाहारावर ठेवला तर सुस्तावतो. तळहाताएवढे होईपर्यंत मी थांबले. या थांबण्यानेच निम्मं काम झालं, असं मला आजही वाटतं.

एक सावधगिरीची गोष्ट. स्कॅटच्या काट्यांना विष असतं. जीव जाण्याइतकं नाही, पण टोचलं तर दुखणं तासन्तास टिकतं. मी त्यांना जाळीत कधीच पकडत नाही, कारण काटे जाळीत अडकतात, माशाला इजा होते आणि सोडवताना आपल्यालाही. प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट घ्यायचे. टोचलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा. उष्णतेने हे विष निकामी होतं आणि वेदना उतरते. तरीही डॉक्टरांना दाखवावं.

दुसरा सोबती आर्चरफिश, टॉक्सोटेस जाक्युलॅट्रिक्स. पाण्यावर झुकलेल्या पानावरचा किडा तोंडातून पाण्याची पिचकारी मारून पाडणारा तो हाच. याची निवड सोपी होती. तो कायम पृष्ठभागाखाली असतो, वर बघतो, आणि तळाशी त्याचं काही काम नसतं. चार आर्चर घेतले, चौघंही सारख्या मापाचे. यांच्यात लहान-मोठं असलं की मोठा मासा लहानाला खायला देत नाही, आणि फारच फरक असला तर त्यालाच खातो. त्यांच्यासाठीच मी वर १५ सेंटिमीटर जागा सोडली होती.

प्रत्यक्ष सोडण्याचा दिवस आला तेव्हा मी आधी मायनलाच बाहेर काढलं. टाकीवर त्याचा हक्क होता, आणि आलेल्या पाहुण्यांना तो हक्क दाखवणारच. तो शेजारच्या टाकीत असताना सगळे खडक हलवले. त्याचा लाडका सपाट खडक डाव्या टोकाला नेला आणि मधोमध उभ्या खडकांची अशी ओळ लावली की एका टोकाकडून दुसरं टोक दिसू नये. नजरेआड झालेल्या माशाचा पाठलाग बहुतेक वेळा तिथेच थांबतो. मग स्कॅट सोडले, काही दिवसांनी आर्चर, आणि दोन्ही घोळके टाकीत रुळल्यावर, सगळ्यांना पोटभर खायला घालून, दिवे मालवल्यावर मायनला परत आणलं. नव्या मांडणीत आता तोच नवखा होता.

पहिल्या दिवसांत मी काय बघत होते ते सांगते, कारण इथेच पुष्कळ जण घाबरून मासे काढतात किंवा उलट फार उशीर करतात. मायन कल्ले फुगवून समोर आला, कूस दाखवली, हद्दीपर्यंत हाकललं आणि परत फिरला, तर ते चालायचंच. काळजीची खूण वेगळी असते. पाठलाग हद्द ओलांडून टाकीभर होणं, एकच मासा सतत वरच्या कोपऱ्यात पर मिटून उभा राहणं, रंग काळवंडणं, श्वास जलद होणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाद्य पडल्यावर त्याने पुढे न येणं. खाणारा मासा सावरलेला असतो. न खाणारा मासा मी त्याच दिवशी बाहेर काढते. पडदा आणि रिकामी टाकी दोन्ही तयार ठेवूनच मी हे सगळं केलं होतं. ज्याच्याकडे दुसरी टाकी नाही त्याने मायनला सोबती आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मायन पहिल्या सकाळी थेट सगळ्यात मोठ्या स्कॅटकडे गेला. पर ताणले, कूस दाखवली, शेपटीचा फटका मारला. स्कॅट दगडावरचं शेवाळ खरवडत होता, तो खरवडतच राहिला. मायनने धक्का दिला. स्कॅट हातभर लांब सरकला आणि दुसऱ्या दगडावर लागला. आव्हानाला उत्तर नाही, आणि घाबरून पळापळही नाही. पाठलाग करायला पळणारा लागतो आणि भांडायला उत्तर देणारा लागतो. इथे दोन्ही नव्हतं. तो प्रकार दिवसातून अनेकदा व्हायचा, मग कमी होत गेला. आर्चरकडे त्याने मान वर करून पाहिलं, त्यापलीकडे काही नाही.

सगळं गोडीगुलाबीनेच झालं असं नाही. पाच स्कॅटमधला सगळ्यात लहान मासा मायनच्या खडकावरचं शेवाळ सोडायला तयार नव्हता, आणि त्याच्या मागच्या पराची एक बाजू दोनदा फाटली. खाऱ्या स्वच्छ पाण्यात अशी जखम लवकर भरते, तशी ती भरली, पण उपाय करावा लागला. मी शेवाळाच्या पट्ट्या उजव्या टोकाला चिमट्याने लावायला लागले, रोज त्याच जागी, त्याच वेळी. स्कॅटना वेळ आणि जागा चटकन कळते. घोळका उजवीकडे राहू लागला आणि डावा खडक मायनचा झाला.

खाऊ घालण्याची घडी बसवणं हे खरं रोजचं काम. स्कॅट अधाशी असतात, एकाच ठिकाणी खाद्य टाकलं तर मायनला मिळू देत नाहीत, आणि उपाशी मायन चिडतो. मी आता एकाच वेळी तीन ठिकाणी देते. आर्चरना तरंगणारं खाद्य आणि किडे मध्यभागी, स्कॅटना उजवीकडे पाला, आणि मायनला डावीकडे लगेच बुडणाऱ्या कांड्या, कोळंबीचे तुकडे, कधी शिंपल्याचं मांस. जिवंत मासे खाद्य म्हणून देत नाही. त्यांच्यासोबत रोग येतात. घाण भरपूर होते, कारण स्कॅट खातात तितकंच टाकतात. त्यामुळे दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलते. मीठ आदल्या रात्री पिंपात पंप लावून विरघळवून ठेवते, आणि ओतण्याआधी तापमान आणि गुरुत्व दोन्ही टाकीशी जुळवते. खारट पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा कमी विरघळतो, म्हणून पृष्ठभाग सतत हलता ठेवला आहे.

मायनमध्ये झालेला बदल मला सगळ्यात सुखावतो. तो दिवसभर उघड्यावर असतो, अंगावरचे पट्टे ठळक असतात, गळ्याची लाली टिकून असते. काचेवर धडका देणं बंद झालं आहे. घोळका हद्दीजवळून गेला की तो पुढे येतो, कल्ले फुगवतो आणि परत खडकाशी जातो. त्याचा रागीटपणा गेला नाही, जायलाही नको. त्याला आता रोज थोडी राखण करायला मिळते आणि कोणाचा जीवही जात नाही.

स्कॅट अजून वाढताहेत. ते पूर्ण वाढीला लागतील तेव्हा खारटपणा हळूहळू १.०१५ पर्यंत न्यायचा माझा विचार आहे. मायन आणि आर्चर दोघांनाही तो चालेल. पाच पूर्ण वाढलेले स्कॅट या टाकीला जास्त होतील, तेव्हा त्यातले दोन मोठ्या टाकीच्या मालकाकडे द्यायचं आधीच बोलून ठेवलं आहे. तिघांचा घोळका मायनसमोर टिकतो का, हे मात्र ते दोघं गेल्यावरच कळेल. तोपर्यंत जाळीचा पडदा धुऊन, वाळवून टाकीमागे उभा ठेवला आहे.